जंतूंचाही कोरम असतो

गोष्ट २०२२ सालच्या पावसाळ्यातली. आषाढ पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. वर्षावासाच्या कार्यक्रमाची पत्रके काखेत मारून आम्ही विहारातून घरी आलो, तर वहिनी दारातच उभ्या.

"भाऊजी, यांच्या पायाला वास येतोय," एवढेच म्हणाल्या.

आमचे थोरले बंधू, त्यांना आम्ही दादा म्हणतो, सफाई खात्यात कामगार आहेत. तीस वर्षे गटारीच्या पाण्यात उभे राहून त्यांनी संसार केला, आम्हांला बी. कॉम. केले. दहा-बारा वर्षांपासून साखरेचा आजार. त्यामुळे तळपाय बधिर झालेले. खात्याकडून मिळालेल्या गमबुटाला भोक पडले होते आणि नवा बूट "मागणी पाठविली आहे" या उत्तरावर आठ महिने अडला होता. आम्ही स्वतः कारकून असल्याने या उत्तराचा अर्थ आम्हांला चांगला कळतो. त्या भोकातून काहीतरी टोचले. काय टोचले, केव्हा टोचले, हे दादांना सांगता आले नाही. कारण दुखलेच नाही.

आठ दिवस लहानशी जखम होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी जखम सुकल्यासारखी दिसली, तेव्हा "आता कशाला उगाच गरम गोळ्या खायच्या" असे म्हणून गोळ्या बंद करायला लावणारे आम्हीच. उरलेली पाकिटे वहिनींनी फळीवर जपून ठेवली, पुढे कुणाला लागली तर असू देत म्हणून. त्या संध्याकाळीदेखील जखम रुपयाएवढीच होती, असे वहिनी शपथेवर सांगतात. सकाळी उठून पाहतात तो पाय घोट्यापर्यंत सुजलेला, अंगात ताप आणि पट्टीवर हिरवट पू.

वाचकहो, एक गोष्ट कबूल करतो. समाजात आम्ही करुणेवर भाषणे देतो. परंतु त्या दिवशी तो वास नाकात गेला आणि आम्ही नाकाला रुमाल लावून उंबऱ्यावरच उभे राहिलो. आत वहिनी एकट्याच कोमट पाण्याने पाय धूत होत्या. दादांनी एकदा आमच्याकडे पाहिले आणि भिंतीकडे तोंड फिरविले. ती नजर आम्ही विसरलेलो नाही.

मोठ्या दवाखान्यात नेले. शस्त्रक्रियेत दोन बोटे गेली. शिवाय तळव्याचे बरेच मांस खरवडून काढले. आम्ही त्या तरुण डॉक्टरांशी चांगलेच भांडलो. "बोटे सडली होती ती कापलीत, ठीक. पण बाकीचे मांस का कापता? इंजेक्शने आहेत ना चालू?" डॉक्टर बिचारे छत्तीस तास ड्युटीवर असावेत. "साहेब, नुसत्या इंजेक्शनने हे जाणार नाही," इतकेच बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले.

दादांची मुलगी, आमची पुतणी, त्या वेळी बी. एस्सी.ला होती. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर आम्ही दोघे बसलो होतो. आमच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. तिला विचारले, "अगं, काल संध्याकाळपर्यंत जखम शांत होती. एका रात्रीत एवढे जंतू आले कुठून?"

ती म्हणाली, "काका, आले नाहीत. होतेच. कालपर्यंत त्यांचा कोरम झाला नव्हता."

आम्हांला वाटले, पोरगी थट्टा करते आहे. पण ती थट्टा नव्हती. इंग्रजीत त्या शास्त्राच्या नावातच कोरम हा शब्द आहे, 'कोरम सेन्सिंग'. १९९४ साली अमेरिकेतल्या फुका, विनान्स आणि ग्रीनबर्ग या तीन शास्त्रज्ञांनी ते नाव रूढ केले. बाबासाहेबांच्या देखरेखीखाली झालेल्या घटनेत कलम १०० आहे. त्यानुसार लोकसभेच्या एकूण सभासदांपैकी एक दशांश हजर असल्याशिवाय सभागृहाचे काम चालत नाही. सभासद ५४३ असतील तर निदान ५५ हवेत. मराठीत याला गणपूर्ती म्हणतात, पण सोसायटीच्या आणि मंडळाच्या सभेत सगळे 'कोरम'च म्हणतात. धम्मातही हा नियम जुना आहे. विनयाप्रमाणे उपसंपदा द्यायला दहा भिक्खूंचा संघ लागे. अवंती देशात महाकात्यायनांजवळ सोण कुटिकण्ण हा उपासक दीक्षेसाठी थांबला, तर तिथे भिक्खू इतके थोडे की दहा जमवायला तीन वर्षे लागली. पुढे ही अडचण भगवंतांच्या कानावर घातल्यावर सीमेवरच्या प्रदेशांसाठी त्यांनी पाचांचा कोरम ठरवून दिला, मात्र त्यांतला एक विनयाचा जाणकार हवा.

पण माणसे हजेरी घेतात, वहीवर सह्या करतात. डोळे नाहीत, मेंदू नाही, अशा जंतूने आपल्यासारखे किती जमले हे मोजायचे कसे? पुतणीने त्या रात्री सांगितले आणि नंतर आम्ही तिच्याकडून पुस्तके मागून जेवढे झेपले तेवढे वाचले.

या शोधाची सुरुवात रोगापासून झालेली नाही, उजेडापासून झाली. समुद्रात स्वतः उजेड देणारे काही जंतू असतात. त्यांपैकी एकाचे नाव व्हिब्रिओ फिशेरी. हवाई बेटांजवळ उथळ पाण्यात अंगठ्याएवढा एक माखूल असतो. दिवसा वाळूत पुरून घेतो, रात्री भक्ष्य शोधायला निघतो. चांदण्या रात्री त्याची सावली खाली पडली तर मोठा मासा त्याला गाठणार. म्हणून त्याच्या पोटाकडे एक छोटी पिशवी असते आणि तिच्यात हे जंतू राहतात. वरून चंद्राचा उजेड येतो, खालून हे जंतू उजेड देतात, सावली उरत नाही. पहाट झाली की माखूल त्यांतले बहुतेक जंतू, शंभरातले नव्वदच्या वर, पाण्यात सोडून देतो. उरलेले दिवसभर वाढतात आणि रात्रीपर्यंत पिशवी पुन्हा भरते. गिरणीची पाळी बदलावी तसे हे रोज चालते.

आता गंमत अशी की हेच जंतू मोकळ्या समुद्रात विरळ असले तर उजेड देत नाहीत. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वुडलँड हेस्टिंग्ज, केनेथ नीलसन आणि टेरी प्लॅट यांनी हे प्रयोगशाळेत तपासले आणि १९७० साली प्रसिद्ध केले. पोषक पाण्यात थोडे जंतू टाकले. ते वाढत गेले, पण पाणी काळोखेच. आणि एका ठराविक गर्दीनंतर अचानक सगळे पाणी उजळले. संख्या हळूहळू वाढत होती, उजेड मात्र एकदम आला.

त्याचे कारण असे. प्रत्येक जंतू स्वतःच्या अंगातून एक बारीक रसायन सतत बाहेर सोडत असतो. थोडे जंतू असले तर ते रसायन पाण्यात विरून जाते. गर्दी झाली, त्यातही बंद जागेत झाली, तर रसायन साचत जाते. ठराविक प्रमाणात साचले की तेच रसायन जंतूच्या आतल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते आणि आजवर बंद असलेली जनुके चालू होतात. सगळ्यांची एकाच वेळी. म्हणजे जंतू डोकी मोजत नाहीत, पाण्यातला आपल्याच रसायनाचा दर मोजतात. यात्रेच्या मैदानावर एका माणसाच्या विडीचा धूर कुणाला जाणवत नाही, पण लहान खोलीत पन्नास जणांनी विड्या पेटविल्या तर डोळे चुरचुरतात, तसेच हे.

आम्हांला सर्वांत पटले ते पुढचे. खूप गर्दी झालेले, उजळलेले पाणी घ्यायचे. त्यातले जंतू काढून टाकायचे. उरलेले नुसते पाणी थोड्याशा, अंधारात बसलेल्या जंतूंवर ओतायचे. ते थोडेसे जंतू लगेच उजळतात, जणू सभा भरली असे त्यांना वाटते. रसायन पाण्यात आहे याचा याहून सरळ पुरावा आणखी कोणता हवा? तरीही हे सगळे समुद्राच्या एका विचित्र जंतूपुरतेच असेल, असे समजून पुष्कळ वर्षे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे एकामागून एक रोगजंतूंत हीच तऱ्हा सापडू लागली.

बी. कॉम.च्या माणसाला चक्रवाढ व्याज कळते, म्हणून एक हिशेब मांडतो. सोयीसाठी धरू की जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा तासांत एकाचे दहा लाखांवर जातात. संध्याकाळी नऊला झोपलेला माणूस सकाळी सातला उठतो. जखमेत वाढ इतकी सरळ होत नाही, शरीर लढत असते. दादांच्या पायात कुणी बसून मोजलेही नाही. पण संध्याकाळी रुपयाएवढी असलेली जखम सकाळी तशी का नव्हती, हे आम्हांला त्या बाकड्यावर पहिल्यांदा समजले.

आणि जंतूंनी थांबावे तरी का? पाच-पन्नास जंतूंनी विष सोडले तर माणसाला त्याचे काही होत नाही, उलट शरीराला सुगावा लागतो आणि पांढऱ्या पेशी येऊन त्यांना खाऊन टाकतात. म्हणून कोरम होईपर्यंत गुपचूप वाढणारेच टिकले. यात जंतूंचा कावा वगैरे काही नाही. जे तसे वागले ते उरले, बाकीचे गेले.

दादांच्या पुवाचा रिपोर्ट आला त्यात दोन नावे होती. एक स्टॅफिलोकॉकस ऑरियस, दुसरे स्यूडोमोनास एरुजिनोसा. पहिला तर शंभरातल्या सुमारे तीस माणसांच्या नाकात काहीही न करता मुकाट राहत असतो. दुसरा ओलाव्यात, गटारीत, मातीत, दवाखान्याच्या सिंकमध्येसुद्धा सापडतो. पट्टीवर दिसलेला हिरवटपणा याचाच. ते हिरवे-निळे रंगद्रव्य आणि मांस विरघळविणारी द्रव्ये हा जंतू कोरमच्या इशाऱ्यानेच तयार करतो, असे पुतणीने पुस्तकात बोट ठेवून दाखविले.

स्टॅफिलोकॉकसची भाषा वेगळी. त्याचे रसायन म्हणजे प्रथिनाचा एक बारीक तुकडा. त्यांच्यात चार गट आहेत, प्रत्येक गटाचा इशारा निराळा. १९९७ साली रिचर्ड नोव्हिक यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की एका गटाचा इशारा दुसऱ्या गटाचे काम बंद पाडतो. म्हणजे जात एकच, झेंडा एकच, आणि एक गट दुसऱ्याची सभा उधळतो. हे ऐकताच, १९५७ साली स्थापन झालेल्या आपल्या पक्षाचे पुढे काय झाले ते आठवून आम्ही त्या दवाखान्यातही हसलो. पुतणीला हसण्याचे कारण कळले नाही. तिच्या पिढीला गटांची नावेसुद्धा पाठ नाहीत, हे बरेच म्हणायचे.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या बॉनी बॅसलर या बाईंनी आणखी पुढचे शोधले. जंतूंच्या प्रत्येक जातीची घरची बोली असतेच, पण त्याशिवाय अनेक जातींना समजणारा एक सामाईक इशाराही असतो. आपण घरात मराठी बोलतो आणि लोकलच्या डब्यात बंबईया हिंदी, तसे. त्यामुळे आपले किती आणि परके किती, हेही जंतूंना कळते.

आता त्या डॉक्टरांकडे वळू. गर्दी झालेले जंतू सुटे राहत नाहीत. ते स्वतःभोवती चिकट, बुळबुळीत थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. दातांवर सकाळी जमलेला चिकटा हा त्याचाच प्रकार. थराच्या आत बसलेल्या जंतूंना मारायला सुट्या जंतूंपेक्षा कितीतरी पट जास्त औषध लागते, काही वेळा हजार पटीपर्यंत. १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्यूडोमोनासचा इशाऱ्याचे रसायन बनविता न येणारा वाण घेतला. त्याने थर बनविला, पण पातळ, सपाट. साबणासारख्या द्रव्याने तो सुटून आला. इशारा देणाऱ्या मूळ जंतूंचा जाड थर मात्र तसाच चिकटून राहिला.

हे आम्ही दुसऱ्या दिवशी दादांना खाटेशेजारी बसून समजावून सांगत होतो. मध्येच अडवून दादा म्हणाले, "अरे, हे मला तू काय सांगतोस? गटारीच्या भिंतीला अशी बुळबुळ असते. वरनं कितीबी फवारा मार, औषध ओत, पाणी वरच्यावर निघून जातं. खराट्यानं घासल्याबिगर ती हलत नाही. त्या डॉक्टरनं तेच केलं."

तीस वर्षांच्या कामातून त्यांना जे माहीत होते, ते न विचारता आम्ही डॉक्टरांशी भांडून बसलो होतो. संध्याकाळी त्या डॉक्टरांना गाठून आम्ही माफी मागितली. त्यांना भांडण आठवतही नव्हते.

दादा घरी आल्यावर विहारात रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळासमोर आम्ही हा विषय मांडला. अर्ध्यावर आलो असताना मागून एक वयस्क मावशी उठल्या. "भाऊ, एक विचारू? डोळ्यांना न दिसणारे जंतू एकमेकांशी बोलतात, हे तुम्ही म्हणता ते खरं. आणि माझी सासू मरीआई बोलते म्हणायची ते खोटं. दोन्हीबी दिसत नाही. मग फरक काय?"

सभेत हशा पिकला. आम्ही मात्र हसलो नाही. मावशींचा प्रश्न नेमका होता आणि उत्तर आमच्या तोंडावर तयार नव्हते.

मरीआई म्हणजे पटकीची देवी. आमची आजी सांगायची, गावात पटकी आली की मरीआईचा गाडा निघायचा. लाकडाचा लहान गाडा, त्यात देवीची मूर्ती, नैवेद्य, बांगड्या, हिरवे लुगडे. वाजतगाजत तो शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने आपल्या शिवेवरून तो आणखी पुढे सारायचा. गाडा ओढायचे काम कुणाच्या वाट्याला यायचे, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. आजीची दोन मुले एका आठवड्यात गेली. गाडा ओढणाऱ्यांत आजोबाही होते. १९५६ नंतर आमच्या घरातून ती देवी गेली, पण आजी पावसाळ्यात गढूळ पाणी पाहिले की गप्प बसायची.

मावशींना आम्ही पटकीचेच उदाहरण दिले, कारण जंतूंच्या बोलण्यात ते सर्वांत उलटे आहे. पटकीचा जंतू व्हिब्रिओ कॉलरी, त्या उजेडवाल्या जंतूचा चुलतभाऊ. इतर जंतू कोरम झाला की हल्ला करतात. हा थोडा असतानाच आतड्याला चिकटतो आणि विष सोडतो. आणि गर्दी झाली, इशारा साचला, की विषाची जनुके बंद करतो, चिकटून बसणे सोडतो, सुटा होतो. तोपर्यंत विषाने रोग्याच्या अंगातले पाणी आतड्यात खेचलेले असते. भाताच्या पेजेसारखे जुलाब सुरू होतात आणि त्यांतून कोट्यवधी जंतू बाहेर पडतात. बाहेर म्हणजे ओढ्यात, विहिरीत, फुटक्या नळात आणि तिथून पुढच्या घरात. लोक देवीचा गाडा शिवेबाहेर ढकलत होते, त्याच वेळी पटकी ओढ्याच्या पाण्यातून शिव ओलांडून चालली होती. तिला गाड्याची गरज नव्हती.

"फरक असा मावशी," आम्ही म्हणालो, "मरीआई काय बोलली हे फक्त तुमच्या सासूबाईंना ऐकू यायचे. जंतूंचे बोलणे ज्याला तपासायचे त्याला तपासता येते." कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांचे उदाहरण सांगितले. पटकीच्या जंतूत विष असावे, असे रॉबर्ट कॉक यांनी १८८४ सालीच म्हटले होते, पण पुढे पंचाहत्तर वर्षे ते कुणाला दाखविता आले नाही. डे यांनी जंतू वाढविलेले पाणी घेतले, जंतू गाळून टाकले, आणि ते पाणी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात घातले. आतडे पाण्याने टम्म फुगले. जंतू नाहीत, तरी परिणाम तोच, म्हणजे विष पाण्यात आहे. हे १९५९ साली प्रसिद्ध झाले. हार्वर्डच्या गोऱ्या शास्त्रज्ञांनी करून पाहिले काय, कलकत्त्याच्या डॉक्टरने केले काय, आणि उद्या आमची पुतणी करील काय, उत्तर तेच यायला हवे. न आल्यास शास्त्रज्ञाला आपले म्हणणे मागे घ्यावे लागते. देवीला असे कधी म्हणणे मागे घ्यावे लागल्याचे ऐकिवात नाही. भगवंतांनी कालामांना जे सांगितले, ते याहून निराळे नाही.

मावशी थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "म्हणजे गाडा ओढून बघितला आणि पटकी गेली नाही, तर गाड्याला जाब विचारायचा." आमच्या अर्ध्या तासाच्या भाषणाचा अर्थ त्यांनी एका वाक्यात सांगितला.

पाण्याचा विषय निघालाच म्हणून आणखी थोडे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तर सनातन्यांनी तळे बाटले म्हणून त्यात शेण-गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केले. पाणी कशाने बिघडते हे ज्यांना कळत नव्हते, त्यांच्या हाती पाण्याचे कायदे होते. आजही वस्तीत नळाची लाईन गटारीतून जाते ती काही जंतूंनी टाकलेली नसते.

त्या दिवशी महिलांनी पटकीबद्दल बरेच विचारले. दोन गोष्टी त्यांनी लिहून घेतल्या. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून पटकीच्या रोग्यांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या आत आणले. तेच आजचे ओ. आर. एस. दुसरी गोष्ट जुन्या सुती साडीची. पटकीचे जंतू तळ्याच्या पाण्यात बारीक किड्यांना गर्दीने चिकटून राहतात. रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंच्या चमूने बांगलादेशच्या खेड्यांत साडीच्या घड्या करून पाणी गाळायला शिकविले आणि पटकी जवळजवळ निम्म्याने घटली. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जिथे उकळण्यापुरते जळण आहे तिथे पाणी उकळावेच. साडी ही जिथे काहीच नाही तिथली सोय.

एका तरुण मुलीने विचारले, जंतू बोलतात तर त्यांना बहिरे करणारे औषध का काढत नाहीत? तोच प्रयत्न चालू आहे. जंतूला मारायचे नाही, फक्त इशारा पोहोचू द्यायचा नाही, अशी कल्पना. ऑस्ट्रेलियातले एक लाल समुद्रशेवाळ असे द्रव्य तयार करते, म्हणून त्याच्या अंगावर जंतूंचा थर सहसा बसत नाही. काही जंतू दुसऱ्यांचे इशाऱ्याचे रसायन तोडूनही टाकतात. पण माणसांसाठी असे औषध अजून दुकानात मिळत नाही. तोपर्यंत नेहमीच्या प्रतिजैविकांवरच भिस्त, आणि ती डॉक्टरांनी सांगितली तेव्हाच आणि तेवढीच घ्यायची. आमच्या घरच्या फळीवरची ती उरलेली पाकिटे वहिनींनी मंडळाला दाखविली. कुणाच्या सल्ल्याने उरली, हे त्यांनी सांगितले नाही. आम्ही उभे राहून सांगितले.

दादांची जखम भरायला पाच महिने लागले. रोज पट्टी बदलायची, मिठाच्या पाण्याने धुवायची, सुटलेले मेलेले मांस दवाखान्यात नेऊन काढून घ्यायचे, साखर तपासायची. वहिनी दोन घरची कामे करून हे सगळे करीत होत्या. विनयात एक कथा आहे. जुलाबाने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, जवळ कुणी जात नव्हते. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले आणि आनंदाने त्याला धुतले. ही कथा आम्ही कितीतरी व्याख्यानांत सांगितली आहे. श्रावण पौर्णिमेला वहिनींना ताप होता, तेव्हा पहिल्यांदा आम्ही पट्टी सोडली. वास होताच. पोटात ढवळले, हात थरथरले, पट्टी वाकडी बांधली गेली. दादा म्हणाले, "हापिसातली फाईल बांधतोस तशी बांध, सुटणार नाही." त्यानंतर रविवारची पट्टी आमच्याकडे आली.

अजूनही रोज रात्री दादा मोरीच्या पायरीवर बसतात आणि वहिनी तळपायाखाली आरसा धरून बघतात. पाय बधिर, म्हणून डोळ्यांनीच बघावे लागते. पुतणी आता एम. एस्सी. झाली आहे. ती सांगते की जंतू शून्य कधीच होत नाहीत. घरातल्यांच्या बोलण्यात यावरून एक थट्टा रुळली आहे. दादा विचारतात, "काय, भरला का कोरम?" वहिनी म्हणतात, "नाही, तहकूब." कायदा जाणणाऱ्यांनी हसू नये म्हणून नोंदवतो, सोसायटीच्या तहकूब सभेला नंतर कोरम लागत नाही. सुदैवाने जंतूंच्या पोटनियमांत ते कलम दिसत नाही.

राहिली बुटांची गोष्ट. कामगारांची सभा दोनदा बोलावली आणि दोन्ही वेळा कोरमअभावी बारगळली. पाळ्या वेगळ्या, शिवाय साहेबांची भीती. तिसऱ्या सभेला दादा कुबडी घेऊन गेले आणि पट्टी बांधलेला पाय समोर बाकावर ठेवून बसले. त्या दिवशी एकेचाळीस जणांनी अर्जावर सह्या केल्या. अर्ज आम्हीच लिहिला होता. २०२३ च्या मार्चमध्ये बुटांची पेटी आली. सगळे बूट नऊ नंबरचे. दादांचा पाय सातचा, त्यातही डाव्या पायाला आता दोन बोटे कमी.

दुसरा अर्ज आम्ही त्याच रात्री लिहिला. सोबत प्रत्येकाच्या पायाच्या मापाची यादी जोडली.